ओसरीचा खांब

मी तापट होतो, हे आधीच सांगून टाकतो. आता सत्तरी उलटली आणि ताप बराच उतरला, पण एकोणीस-वीस वर्षांचा असताना माझ्या हातात तुतारी असली, म्हणजे बैल हाकायची ती टोकदार काठी, तर माणसं चार हात लांबून बोलायची. मला त्याचा मोठा अभिमान वाटायचा. आज तो पोरगा समोर आला तर त्याच्या कानाखाली दोन वाजवीन.

आमचं गाव वडनेर भोलजीहून पायी तासाभरावर. बाजार नांदुऱ्याचा, कचेरी मलकापूरची, आणि त्याच्या वरचे कागद नागपूरला जायचे, कारण वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. गावात पाटील दोन. वरच्या आळीत पोलीस पाटील, ते माझे वडील. खालच्या आळीत मुलकी पाटील, म्हणजे शेतसारा गोळा करणारे आणि हद्दीचे दगड दाखवणारे. दोन पाटील म्हणजे दोन मान, आणि मान आला की आमच्याकडे डोकी फुटायची. पोळ्याला मारुतीपुढच्या तोरणाखालून पहिली जोडी कुणाची जाणार, यावरून आज्याच्या काळापासून भांडण होतं. एका पोळ्यात माझ्या आज्याचा अंगठा तुटला होता. तो चार बोटांचा हात आजा पाहुण्यांना मेडल दाखवावं तसा दाखवायचा.

हे भांडण मिटावं म्हणून माझ्या ताईला खालच्या आळीत दिली. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. ज्या बैठकीत सोयरीक ठरली, त्याच बैठकीत ठरलं की एक पोळा त्यांचा, एक पोळा आमचा. साऱ्या गावानं लाडू खाल्ले आणि दोन्ही आळ्या एकमेकींत मिसळल्या. आमच्या आळीचा सुतार त्यांची चाकं भरायला जाऊ लागला, त्यांच्या आळीचा न्हावी आमची डोकी करायला येऊ लागला. ताईला कुणी काही विचारलं नाही, आणि विचारायचं असतं हे मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं.

ताई हसरी होती. नकला तर अशा करायची की माय पदर तोंडात धरून हसायची. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी ती नागपंचमीला माहेरी आली. पहिलंच बाळंतपण होतं, चौथा महिना. जेवणं झाल्यावर आम्ही दोघं गोठ्यात बसलो होतो, मी पोळ्यासाठी बैलाच्या कपाळावर बांधायच्या मटाट्या ओवत होतो, आणि तिनं सासऱ्याची नक्कल सुरू केली. हात पुढं करून, मान जरा वर धरून ती चालत गेली आणि गोठ्याच्या मेढीसमोर, म्हणजे मधल्या खांबासमोर, उभी राहून म्हणाली, "रामराम पाव्हणे, कवा आले?" मग मेढीला बसायचा आग्रह केला. मी गडाबडा लोळलो.

"असं काऊन करते थो?" मी विचारलं.

ताई हसायची थांबली. "सासऱ्याले डोयानं दिसत नाई रे आता. दोन वर्स झाले. ओसरीच्या खांबाले पाव्हणा समजून रामराम घालते. कोनाले सांगू नोको हं भाऊ. मलकापुरात समजलं तं पाटीलकी जाईन त्याची. घरात आमी चौघंच जाणतो."

"मी काऊन सांगू?" मी म्हणालो. तिनं माझ्या डोक्यावर टपली मारली आणि आत निघून गेली.

आता झडतीबद्दल सांगतो. आमच्याकडे पोळ्यात तोरणाखाली बैल उभे राहिले की माणसं एकेक करून चार ओळी रचून ओरडतात. तीच झडती. देवाचं नाव घेतात, पावसाला शिव्या देतात, पण खरी मजा असते ती दुसऱ्याला चिमटा काढण्यात. शेवटी सारं गाव "हर हर महादेव" करतं आणि दुसरा उत्तर देतो. मला ही कला साधली होती. माझी झडती म्हटली की पोरं पुढं सरकायची. त्या वर्षी तोरणाचा मान त्यांचा होता आणि आम्हाला मागं उभं राहायचं होतं. मागं उभं राहायची कल्पनाच मला सहन होत नव्हती. आदल्या दिवशी खांदशेकणीला मी बैलांच्या खांद्याला लोणी-हळद चोळत होतो, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या" असं त्यांच्या कानात म्हणत होतो, आणि एकीकडे डोक्यात ओळी जुळत होत्या.

दुसऱ्या दिवशी मारुतीपुढं सारी बैलं उभी राहिली. पहिला मान म्हणून मुलकी पाटील पांढरा फेटा बांधून आपल्या जोडीच्या कासऱ्याला हात लावून उभे होते. कासरा खरं तर त्यांच्या मुलाच्या, म्हणजे आमच्या दाजींच्या हातात होता. सासूबरोबर बायकांच्या घोळक्यात ताई हिरवं लुगडं नेसून उभी होती. मी तिच्याकडे बघूनच घसा मोकळा केला, हे मला आजही लख्ख आठवतं.

"पाव्हणा आला म्हून पाटील उठले घाईघाई,
रामराम घातला, पाव्हणा बोलतच नाई.
पाट टाकला, पानी देलं, म्हने जराक थांब,
पाव्हणा बसंन कसा बापा, थो तं ओसरीचा खांब!"

गाव हसलं. आमची आळी हसली, त्यांचीही हसली, लहान पोरं तर मातीत लोळली. कुणाला वाटलं पाटील म्हातारपणी बावळट झाले, कुणाला वाटलं मी उगाच काहीतरी रचलं. हसले नाहीत ते चौघं. सासूनं पदर तोंडावर ओढला. पाटलांनी आवाज आला त्या बाजूला चेहरा वळवला आणि तो तसाच ठेवला. दाजींनी मागं वळून ताईकडे बघितलं. आणि ताईनं माझ्याकडे बघितलं. एवढ्या गर्दीत मला तेवढंच दिसलं. पण हसण्याची नशा अशी असते की मी तीच झडती पुन्हा म्हटली.

दुसऱ्यांदा ती पुरी झालीच नाही. दाजींनी कासरा सोडला आणि हातातली काठी घेऊन ते सरळ माझ्यावर आले. पहिला वार मी तुतारीवर झेलला, दुसरा दंडावर बसला. मग मी मारलं. त्यांच्या गळ्याखालचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. कपाशीची सुकी पऱ्हाटी मोडावी तसा. तोवर दोन्ही आळ्यांच्या काठ्या वर गेल्या होत्या. रंगवलेल्या शिंगांची बैलं बुजली, दोन माणसांना तुडवून गेली, तोरण कुणाच्या जोडीनं तोडलं ते आजवर ठरलं नाही. त्यांच्या एका गड्यानं मागून माझ्या डोक्यात काठी घातली. रक्त डोळ्यांत उतरलं आणि मला दिसेनासं झालं. मी तसाच चहूकडे काठी फिरवत राहिलो. खोटं कशाला बोलू, मला त्यात आनंद होत होता.

संध्याकाळपर्यंत गावात दोन तट पडले. भांडण कशावरून झालं असं कुणी विचारलं, तर गाव सांगायचं, मानावरून. खरं कारण त्या घरातल्या चौघांना ठाऊक होतं, आणि पाचवा मी.

तट म्हणजे काय, हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगणं अवघड आहे. गाव विणलेल्या बाजेसारखं असतं, एक दोरी ओढली की ती दुसऱ्या टोकाला आवळते. सुतार आमचा, म्हणून त्यानं त्यांची चाकं भरायची नाहीत. न्हावी त्यांचा, म्हणून आमच्या आळीत पुरुषांच्या दाढ्या वाढल्या आणि एका मेलेल्या म्हाताऱ्याची हजामत त्याच्या मुलालाच करावी लागली. कुंभार त्यांचा, सुईण आमची. विहिरीवर बायकांच्या दोन वेळा झाल्या. विस्तव मागायला कुणी दुसऱ्या आळीत गेलं नाही. दोन ठरलेली लग्नं मोडली. कुणाशी बोलायचं, कुणाच्या दारावरून जायचं, कुणाच्या मयताला रडायचं, हे सगळं आता माणूस ठरवत नव्हता, तट ठरवत होता. आणि तट कुठं राहतो, त्याचं डोकं कोणतं, हे कुणालाच सांगता आलं नसतं. जो तो म्हणायचा, मला काही नाही हो, पण लोक काय म्हणतील. ज्या लोकांना तो भ्यायचा, ते त्यालाच भीत होते.

पोळ्यानंतर आठव्या दिवशी आमच्या डाव्या बैलाच्या मागच्या पायाची शीर कुऱ्हाडीनं तोडलेली सापडली. तोच तो, ज्याच्या कानात मी आवतण दिलं होतं. मी गोठ्यात गेलो तेव्हा तो उठायचा प्रयत्न करत होता आणि पुन्हा पुन्हा पडत होता. त्याच दुपारी आम्ही त्यांच्या कुटाराच्या, म्हणजे गुरांच्या भुशाच्या, दोन गंज्या पेटवल्या. मी स्वतः काडी लावली. वाऱ्यानं जाळ एका गरीब माणसाच्या झोपडीवर गेला, त्याचा या सगळ्याशी काहीही संबंध नव्हता. त्याची शेळी जळाली. तो आमच्या दारात येऊन उभा राहिला. मी त्याला ढकलून दिलं.

त्या दिवसांत मला झोप लागत नसे. कुणी माझ्यामागं हसलं की मी गर्रकन वळायचो. मी गड्याला मारलं, नव्या बैलाला रक्त निघेस्तो टोचलं, एकदा मायच्या अंगावर ताट भिरकावलं. लोक म्हणायचे, पोरगा मर्द आहे. मी आतून सडत चाललो होतो आणि गाव माझी पाठ थोपटत होतं. एकाही माणसानं मला थांबवलं असतं तर मी त्याच्या पाया पडलो असतो, किंवा त्याचं डोकं फोडलं असतं. खात्रीनं सांगता येत नाही.

ताईची खबर आमच्याकडे येत नव्हती. यायची वाटच बंद होती. शेवटी माय एकदा विहिरीवर मुद्दाम त्यांच्या वेळेला गेली. परत आली ती रिकामा हंडा घेऊन.

"पोरीचा डोया सुजला हाये," ती वडिलांना म्हणाली. "पाठ दाखोली तिनं मले. कोनाले सांगतलं, कोनाले सांगतलं, असं पुसू पुसू मारतेत म्हने. काय सांगतलं हे मले तं काई समजलं नाई. तुमी जाऊन आना तिले."

वडील म्हणाले, "कसा जाऊ? आपल्या तटाचे लोक म्हनतीन, पाटील वाकला."

मी तिथंच होतो. मला समजलं होतं. एक शब्द बोललो असतो, की माझ्यामुळे मार खाते आहे ती, तर कदाचित वडील उठलेही असते. मी उठलो आणि बाहेर गेलो. बाहेर जाऊन मी काय केलं, तर तट आणखी आवळला. सुतार लपूनछपून त्यांच्या दमणीचं, म्हणजे छोट्या बैलगाडीचं, चाक भरणार असं कानावर आलं होतं. त्याच्या दारात मी काठी आपटली. मग सुईणीच्या झोपडीपुढं गेलो. म्हातारी बाई, तिनं मला आणि ताईलाही जन्माच्या वेळी हातात झेललेलं.

"खालच्या आळीत पाय टाकला तं पाय राहनार नाई," मी तिला म्हणालो.

"तुही बहीन पोटुशी हाये थ्या घरात," ती म्हणाली.

मी तिच्या दारावर काठी मारली. दाराची फळी फुटली. "म्या काय म्हनतलं ते आयकू आलं ना?"

"आलं बापा," ती म्हणाली.

माघ महिना होता. दिवस भरायला आठ-दहा दिवस बाकी असताना एका सकाळी ताईला कळा सुरू झाल्या. खालच्या आळीची एक पोर सुईणीला बोलवायला धावत आली. सुईणीनं फुटकी फळी दाखवली आणि नाही म्हणाली. दुपारी सासूनं स्वतः येऊन तिच्या पायावर डोकं ठेवलं, तरी ती नाही म्हणाली. माझी काठी तिला ताईच्या किंकाळ्यांहून मोठी वाटत होती, आणि तिचं काही चुकलं नाही. तिसऱ्या प्रहरी दाजींनी दमणी जुंपली आणि ताईला आत निजवून नांदुऱ्याच्या दवाखान्याकडे निघाले. चाकाचे आरे पोळ्यापासून ढिलेच होते, सुतारानं भरले नव्हते. नाल्याच्या उतारावर चाक निखळलं आणि दमणी कलंडली. दिवसाढवळ्या, शेतात कापूस वेचणीला गेलेल्या दोन्ही तटांच्या बायकांसमोर, माझी बहीण नाल्याच्या वाळूत बाळंत झाली. आमच्या तटाच्या बायका बांधावर उभ्या राहिल्या. मुलगा होता. तो रडला नाही.

हे मला सुईणीनंच येऊन सांगितलं. दारात उभी राहून सांगितलं, एकही शिवी दिली नाही, आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दाजी आले. हातात कुऱ्हाड नव्हती, काठीही नव्हती. भर रस्त्यात त्यांनी मला धरलं आणि हातानं मारायला सुरुवात केली. एक हात नीट वर जात नव्हता, ते हाड मीच मोडलं होतं. मी हात उचलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला मार हवा होता. दात तुटला, ओठ फाटला, मी खाली पडलो, त्यांनी लाथ घातली, आणि मला वाटत होतं, मारा, अजून मारा. पण तेवढ्यात आमच्या आळीतून ओरडा झाला, "पाटलाच्या पोराले मारून राह्यले रे," आणि पाच-पंचवीस काठ्या धावत आल्या. मी "थांबा, थांबा" म्हणत होतो. कुणी ऐकलं नाही. त्या दिवशी दाजींचा एक डोळा गेला. हक्काचा मारसुद्धा तटानं मला एकट्याला खाऊ दिला नाही.

मग मलकापूरहून पोलीस आले, दोन्हीकडच्या माणसांना दोऱ्या लागल्या, जामीनकीचे कागद झाले. सगळ्यांना थकवा आला होता. वेचणी अर्धी पडून होती. फाल्गुनात मारुतीच्या पारावर बैठक बसली आणि तट मिटला. एका दुपारीत मिटला. मान आलटून-पालटून. सुतार मोकळा, न्हावी मोकळा, सुईण मोकळी. सगळ्यात शेवटी कुणीतरी म्हणालं, आणि पोरीचं काय. दाजी डोळ्याला फडकं बांधून बसले होते. ते म्हणाले, "तिचं डोकं जाग्यावर नाई आता. माहेरी नेऊन ठेवा." वडील बरं म्हणाले. एवढ्यात ताईचा निकाल लागला. त्याच बैठकीत आमच्या तोडलेल्या बैलाची भरपाई ठरवायला याहून जास्त वेळ लागला होता.

शेवटी एकमेकांच्या हातावर गूळ ठेवायचा होता. मुलकी पाटलांनी हात पुढं केला, जरा बाजूला. मी सरकून त्या हातासमोर हात धरला. त्यांनी माझं बोट चाचपलं आणि माझ्याकडे वाकून, इतरांना ऐकू जाणार नाही असं म्हणाले,

"थे झडती तू रचली, पन माहिती तुले कोनी देली हे मले पहिल्या दिसापासून मालूम होतं. तरी तिच्या तोंडून आयकाचं होतं. सहा महिने मारलं आमी तिले. तिनं तुहं नाव नाई घेतलं."

त्यांनी माझ्या हातावर गूळ ठेवला. मी तो खाल्ला. आजूबाजूला सगळे खात होते, मग मीही खाल्ला.

ताईला मीच घेऊन आलो. पुढं कुणी म्हणालं देवऋषी आणा, कुणी म्हणालं नागपूरच्या पागलखान्यात नेऊन दाखवा. बाहेरची बाधा आहे, असं सारं गाव एकमुखानं सांगायचं. बाधा बाहेरचीच होती, पण ती पिंपळावर राहत नव्हती. ती आळीत राहत होती, आणि तिच्यातला एक वाटा माझा होता. सुईण मरेपर्यंत रोज सकाळी येऊन ताईचे केस विंचरायची. माझ्याशी ती कधी बोलली नाही. पोळा दरवर्षी आला. मी पुन्हा झडती म्हटली नाही. गाव आग्रह करायचं, आणि गावाला खरंच काही आठवत नव्हतं.

वडील गेले, माय गेली, पाटीलकीही गेली. ताई आमच्या घरात एकतीस वर्षं राहिली. जेवायची, झोपायची, सांगितलं तर ज्वारी निवडायची. हसली मात्र नाही. आणि रोज सकाळी उठली की ती ओसरीवर यायची, डोक्यावरचा पदर नीट करायची आणि मधल्या खांबासमोर उभी राहून हात जोडायची. "रामराम पाव्हणे, कवा आले?" मग खांबाशेजारी पाट टाकायची, तांब्याभर पाणी ठेवायची आणि उत्तराची वाट बघत तिथंच बसायची. त्या आवाजात आता नक्कल नव्हती. माझी बायको आधी आधी रडायची, मग तिलाही सवय झाली.

एकदा मी तिच्या आधी उठलो आणि खांबाला पाठ लावून उभा राहिलो. मनात ठरवलं होतं, आज ती रामराम म्हणेल तेव्हा मी उत्तर देईन, आणि जे तीस वर्षं बोललो नाही ते सगळं बोलेन. ताई आली. पदर नीट केला. माझ्या तोंडाकडे तिनं बराच वेळ बघितलं. मग दंडाला धरून तिनं मला हळूच बाजूला केलं, आणि खांबाला रामराम घातला.